कस्तुरामावशींचा वर राहिलेला पाय

"माझा हात दाबा" हे शब्द मी दिवसभरात इतक्या वेळा बोलते की अम्मी म्हणते, सिदरा, तू झोपेतसुद्धा तेच बरळतेस. मी फिजिओथेरपिस्ट. चिखलीत, वर्कशॉपांच्या गल्लीत तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. एक पलंग, एक पडदा, एक कुरकुरणारा पंखा. भिंतीपलीकडे पॉवर प्रेस चालते, समोर वेल्डिंग. गुडघ्याचा पेशंट आला की त्याला पाय लांब करून बसवायचं, गुडघ्याखाली आपला पंजा सरकवायचा आणि म्हणायचं, दाबा. मांडी आवळली जाते, गुडघा खाली येतो, पंजावर भार पडतो. आमच्या धंद्यातला हा बालवाडीचा धडा. लहान पोरं करतात, कानाने ऐकू न येणाऱ्या आज्याही खुणेवर करतात.

कस्तुरामावशींनी केला नाही.

त्यांची लेक मैत्री त्यांना रिक्षातून घेऊन आली होती. मैत्री माण गावातल्या आयटी कंपनीत आहे, हुशार मुलगी, पण आईपुढे तिचं काही चालत नाही. मावशी गोऱ्या, ठेंगण्या, डोळे मोठे. उजवा गुडघा वाकला होता तो वाकलेलाच, वाटीच्या दोन्ही बाजूंना सूज, आणि मांडी वाळून काठी झालेली. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं: आधी गुडघा सरळ करा, मांडीत जीव आणा, मग सांधा बदलायचं बघू. पावसाळा संपेपर्यंत जमलं नाही तर ऑपरेशन करूनही उपयोग नाही, बाई अंथरुणाला खिळतील. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मावशी खाली उतरायच्या त्या फक्त डॉक्टरकडे जायला, आणि त्याही खुर्चीत बसून, दोघांनी उचलून.

मी पंजा सरकवला. "मावशी, माझा हात दाबा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पंजाकडे. आणि गुडघा खाली जायच्या ऐवजी त्यांचा अख्खा पायच वर उचलला गेला. वाळलेली मांडी थरथरत होती, कपाळावर घाम आला होता, पण पाय हवेत.

"अहो, खाली. खाली दाबायचंय."

"आधी हात काढा बाई."

"हात काढला तर दाबणार काय? माझं डोकं?"

मी मुळात तापट. आमच्या अब्बांचं, चांदभाईंचं, कुदळवाडीत गॅरेज आहे आणि ते म्हणतात, सिदराचं इंजिन थंड असतानाही धूर सोडतं. मी दोनदा समजावून सांगते, तिसऱ्यांदा ओरडते. त्या दिवशीही ओरडले. मैत्री खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, टॉवेल ठेवून बघता का?"

टॉवेलची गुंडाळी ठेवली. मावशींनी आधी वाकून टॉवेलखाली बघितलं. मग टॉवेल उचलून बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही दोघी हात वर करून उभ्या राहा." आम्ही राहिलो, पोलिसांनी पकडल्यासारख्या. तेव्हा कुठे गुडघा दोऱ्याएवढा हलला. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या प्रेसचा ठोका पडला, आणि पाय पुन्हा हवेत गेला.

मला तेव्हा हसू आलं होतं. आज त्याची लाज वाटते.

मावशी मूळच्या जिंतूरकडच्या. लग्न होऊन आल्या त्या कासारवाडीत, रेल्वेलाइनच्या कडेच्या चाळीत. नवरा खंडू मोठ्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी बुद्धविहारात अंधश्रद्धेवर बोलायचे. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की खंडूभाऊंना बोलावणं जायचं, आणि ते त्या देवऋष्याला चहा पाजून, वर चार गोष्टी सुनावून बाहेर काढायचे. मैत्री शाळेत जायला लागली तसं बिऱ्हाड चिखलीत आलं आणि मावशींनी तिथल्याच एका प्रेसशॉपमध्ये काम धरलं. मालकाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते शॉप आता तिथे नाही, त्या जागी चिकन सेंटर आहे.

काम साधं होतं. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका येतो, पत्र्याचा आकार होतो, तो काढून घ्यायचा, दुसरा ठेवायचा. मावशी पेडलला पायडल म्हणतात. त्यांच्या पायाला ताल होता म्हणे. भीमगीत गुणगुणत पायडल मारायच्या, आणि सुपरवायझर म्हणायचा, कस्तुराबाई बसल्या की मशीन कुरकुरत नाही. पत्रा मोठा असला की दोघी लागायच्या. एकीने समोर बसून पत्रा आत सारायचा आणि तयार झालेला तुकडा, त्याला जॉब म्हणतात, ओढून काढायचा, दुसरीने बाजूला बसून फक्त पायडल. असं करायचं नसतं, कायद्याने तर नाहीच, पण लहान शॉपमध्ये कायदा कोण विचारतो? आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून खूण ठरलेली. समोरच्या बाईने हात बाहेर काढला की ती मान खाली हलवायची. मान हलली की पाय दाबायचा. आणि कुणाचा हात आत दिसला तर जो बघेल त्याने बोंब मारायची, "पाय वर!"

मावशींच्या समोर बसायची विजयश्री. चिखली गावठाणातली, वयाने लहान, तोंडाने फटकळ. दोघींचं मेतकूट असं की डबाही एकच. विजयश्रीच्या घरची मटकीची उसळ आणि मावशींच्या ज्वारीच्या भाकऱ्या. मैत्रीला आठवतं, आई घरी आली की अर्धा वेळ विजूमावशीच्या नकला करून दाखवायची.

मग एका सकाळी विजयश्रीच्या उजव्या हाताची बोटं डायखाली गेली. अंगठा तेवढा राहिला.

मावशी स्टुलावरून मागे कोसळल्या त्या गुडघा पिरगाळूनच. पण त्या दिवशी त्यांच्या गुडघ्याकडे कोण बघणार? चौकशीला माणसं आली. आणि शॉपमधल्या प्रत्येकाने, खंडूभाऊंनी घरी पढवून ठेवलेल्या मावशींनीही, एकच सांगितलं: मशीनने डबल मारला.

हे समजून घ्यायला हवं. प्रेस जुनी झाली की कधी कधी एकदा दाबल्यावर दोन ठोके मारते. त्याला डबल मारणं म्हणतात. खरंच मारते, मी अब्बांच्या गॅरेजमधल्या माणसांकडून ऐकलंय. पण या पट्ट्यात अपघात झाला की खरं काय घडलं ते कुणी विचारत बसत नाही. बाईने चुकून दाबलं म्हटलं तर दोघींची नोकरी जाते, भरपाई अडकते. म्हणून सगळे एका सुरात म्हणतात, डबल मारला. मशीनला ना पोट ना पोरं. दोष तिच्यावर ढकलला की माणसं वाचतात. खोटं बोल पण रेटून बोल, तसली ही माणुसकी. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

मावशी परत कामावर गेल्या नाहीत. विजयश्रीकडे गेल्या नाहीत. ती इकडे आली नाही. एकाच चिखलीत राहून दोघींनी एकमेकींचे रस्ते टाळले.

आणि पाय वर राहायला लागला.

हे मला क्लिनिकमध्ये कळलं नाही, त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. खुर्चीतून उचलून आणण्याचा त्रास नको म्हणून मीच जायला लागले. पहिल्याच दिवशी मैत्री मिक्सरच्या भांड्यातली चटणी बोटाने काढत होती. मावशी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. तिथून स्वयंपाकघर धड दिसतही नव्हतं. तरी त्यांचा उजवा पाय हळूच जमिनीवरून उचलला गेला आणि तसाच राहिला. मैत्रीने भांडं धुऊन ठेवलं, हात पुसले. पाय खाली आला.

मला वाटलं योगायोग. मग मैत्री कपाटाखाली पडलेलं कानातलं शोधायला हात घालून चाचपडायला लागली. पाय वर. शेजारच्या सुमनताई पिठाच्या डब्यात हात घालून म्हणाल्या, वाटीभर नेते गं. पाय वर. सुमनताई गेल्या, पाय खाली. बोलताना मावशींचं लक्ष माझ्याकडे होतं, त्या माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. पाय आपला आपण वर जात होता, आपला आपण खाली येत होता.

"किती दिवस असं?" मी मैत्रीला जिन्यात विचारलं.

"आई काम सोडून घरी बसली तेव्हापासून. आधी आम्हाला वाटायचं, गुडघा दुखतो म्हणून उचलते." ती कठड्याला टेकली. "बाबांनी लई समजावलं तिला. अगं, मशीनने डबल मारला, तुझी काही चूक नाही. मी पण सांगते. रोज सांगते. ती मान हलवते आणि पाय वर."

दुसऱ्या दिवशी मैत्री कामावर गेली होती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सरळच विचारलं, "मावशी, पाय का उचलता?"

"म्या कुठं उचलते?"

"मग कोण उचलतं?"

मी रागाने म्हटलं होतं, बोलण्याच्या ओघात. पण मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दाराकडे बघितलं, खंडूभाऊंच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं. मग कुजबुजल्या, "दार लावून घ्या."

मी दार लावलं.

"सगळे म्हणतात डबल मारला. मशीनची चूक. पण बाई, माझ्या पायाखाली पायडल खाली गेलं होतं. त्याची ती स्प्रिंग दबली होती, मला अजून तळव्याला कळतंय. मशीन डबल मारती तवा पायडल वरच राहतं. खाली जात नाही." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, पण दाबून नाही, जणू झोपलेल्या जनावरावर ठेवावा तसा. "म्या दाबलं नाही, असं सगळे म्हणतात. माझा नवरा म्हणायचा, माझी लेक म्हणती. ते खोटं कामून बोलतील? मग दाबलं कोणी? माझ्याच पायानं दाबलं, पण म्या नाही दाबलं. म्हंजे माझ्या पायात दुसरं कोणीतरी आहे. ते दाबतं. म्हणून म्या पाय वर धरते. त्याला जमीन लागू देत नाही."

"हे कुणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगू? ह्या घरात भूत म्हणायची सोय आहे का?" त्या फोटोकडे बघून कसनुशा हसल्या. "ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची भुतं काढली. बायकोच्याच पायात बसलंय म्हणलं असतं तर मेले असते लाजेनं."

मी आपलं मला येतं ते सांगायला लागले. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी, म्हणा हवं तर. स्वयंपाकघरातून भांडी घासायचा स्पंज आणला, पाण्यात बुडवला आणि त्यांच्या हातात दिला.

"मावशी, दोन हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो. कूर्चा म्हणतात. त्यात पेशी राहतात, एकेकटी, प्रत्येकीची कोठडी वेगळी. त्या कोठडीत रक्त पोचत नाही, नस पोचत नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, तिला कळत नाही. मग जगते कशी? आपण चाललो की भार पडतो, आतलं पाणी पिळून निघतं. पाय उचलला की पाणी परत आत शिरतं. त्या पाण्यातून तिला खाणं जातं आणि निरोप जातात."

"निरोप?"

"बारीक रेणू असतात. काही सांगतात, बांध. काही सांगतात, मोड. तुम्ही पडलात, गुडघा पिरगाळला, तेव्हा सांध्याच्या पिशवीने ओरडून निरोप सोडला, धोका आहे. इंटरल्यूकिन असलं काहीतरी नाव असतं त्याचं, नाव जाऊ द्या. पेशीला हा निरोप मिळाला की ती कात्र्या बनवते आणि आपल्याच कोठडीच्या भिंती कापायला घेते. कापलेले तुकडे पाण्यात तरंगतात. ते तुकडे बघून पिशवी आणखी घाबरते, आणखी निरोप सोडते. मूळचा मार कधीच बरा झालेला असतो. पण आत निरोप फिरतच राहतो. धोका आहे, धोका आहे."

मावशींनी स्पंज पिळला. पाणी परकरावर सांडलं, त्यांचं लक्ष नव्हतं.

"आणि पाय टेकला तर?"

"भार हाही निरोपच. बेताचा भार पडला की पेशीला कळतं, बाई चालतेय, सगळं ठीक आहे, कात्र्या ठेवा. तुम्ही पाय वर धरता, म्हणून हा निरोप कधी गेलाच नाही. तिला अजून वाटतंय की तुम्ही त्या स्टुलावरून आत्ता पडताय. जे झिजलं ते मी परत आणू शकत नाही, खोटं कशाला बोलू. पण उरलेलं वाचेल, आणि पाय सरळ होईल."

त्यांनी रिकामा स्पंज उलटा करून बघितला. मग म्हणाल्या, "म्हंजे आतलीला बाहेरचं काही दिसत नाही. मान हलली की तिनं काम करायचं."

"हो."

"मग चूक झाली तर ती कोणाची? तिची, का निरोपाची?"

"पेशीची नाही मावशी. तिला मिळालेलं ती करते."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, चला, डोक्यात शिरलं. मी पंजा गुडघ्याखाली नेला आणि म्हटलं, आता दाबा. पाय वर गेला.

त्या आठवड्यात माझंच काहीतरी बिघडलं. घरी अम्मी खलबत्त्यात लसूण ठेचत होती, खलात बोटं घालून पाकळ्या सारत होती. मी टेबलाशी बसून फोनवर बोलत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझा उजवा पाय जमिनीवर नाही. मी तो खाली ठेवला. अम्मीने परत बोटं घातली. पाय परत वर. या अल्ला! मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. क्लिनिकमध्ये भिंतीपलीकडचा ठोका पडला की आता मी दचकायचे. तिथे वर्षानुवर्षं बसलेली मी, जिला तो आवाज ऐकूही यायचा नाही. मला मावशींचा राग आला, मैत्रीचा आला, मेलेल्या खंडूभाऊंचाही आला. सगळे इतकं समजावतात आणि बाई तिथल्या तिथेच. मनात म्हटलं, आता जिची बोटं गेली तिनेच येऊन सांगावं. तिच्या तोंडून "डबल मारला" ऐकलं तर पटेल तरी.

विजयश्रीला शोधायला वेळ लागला नाही. ती शाळेच्या व्हॅनवर मावशी म्हणून काम करते, पोरांना चढवते, उतरवते. उजवा हात पदराखाली, सगळं काम डाव्याने. उंच, सावळी, आवाज खणखणीत. मी ओळख सांगितली, कस्तुरामावशींचं नाव काढलं, आणि तो खणखणीत आवाज विझला.

"मला न्हाई यायचं."

"त्या अंथरुणाला खिळतील हो."

"मंग मी काय करू? मी डाक्टर हाय का?" तिने व्हॅनचं दार धाडकन ओढलं. "तिला सांगा, माझं काय बी म्हणणं न्हाई. डबल मारला व्हता. सगळ्यांनी सांगितलंय की."

"तुम्ही एकदा समोर येऊन सांगा ना."

"तेच तर!" ती ओरडली, आणि व्हॅनकडे वळली. व्हॅनमधली पोरं काचेला नाकं लावून बघत होती. मी पण माझ्या स्वभावाप्रमाणे चार शब्द सुनावले. तुमची मैत्रीण तिकडे सडतेय आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसा, असं काहीसं. व्हॅन निघून गेली. मला वाटलं, संपलं.

गुरुवारी ती आली. गुरुवार म्हणजे इकडे कारखान्यांची सुट्टी. गल्लीत एकही मशीन चालू नव्हतं, आणि ती शांतता कानांना दडे बसल्यासारखी वाटत होती. मैत्री घरून काम करत होती. दुपारी मी मावशींचा पाय टॉवेलवर ठेवून बसले होते, तर दार वाजलं आणि विजयश्री आत येऊन उभी राहिली. चपला काढायची पण विसरली.

मावशींनी तिला पाहिलं. पाय वर गेला. विजयश्रीचे दोन्ही हात तर तिच्या अंगाजवळच होते, तरी पाय एवढा वर गेला की मावशी मागे कलंडल्या, मी धरलं.

"अक्का," विजयश्री म्हणाली. "किती वाळलीस गं."

मावशी तिच्या पदराकडे बघत होत्या, जिथे उजवा हात लपलेला होता.

विजयश्री पलंगाशी आली, खाली बसली. पदर बाजूला केला. आणि मी काही म्हणायच्या आत तिने तो हात, अंगठा आणि पुढे नुसती शिवण असलेला तो पंजा, मावशींच्या गुडघ्याखाली सरकवला. मी रोज सरकवते तसाच.

"दाब," ती म्हणाली.

"काढ हात, विजू."

"दाब म्हणती ना."

"काढ! तुला माहीत नाही. त्या पायात..." मावशींचे दात वाजत होते. "विजू, खरं सांग. डबलच मारला होता ना गं?"

मी मनात म्हटलं, हां, सांगा आता. एकदाचं सांगा. मैत्री लॅपटॉप सोडून दारात आली होती.

विजयश्रीने मान हलवली. आडवी.

"न्हाई. तूच दाबलंस."

"विजूमावशी!" मैत्री किंचाळली. ही बाई सूड उगवायला आली का काय? मी तिच्या खांद्याला धरून उठवायला गेले, तिने मला झटकलं.

"थांबा! बोलू द्या मला. मी मान हलवली व्हती. माझा जॉब बसला, हात भायेर घेतला, मान हलवली. तू दाबलंस. बरोबर दाबलंस, जसं रोज दाबायचीस. तेवढ्यात मला दिसलं, पत्रा तिरका बसलाय. मी हात परत घातला. मीच घातला." ती आता रडत होती, पण आवाज चढतच होता. "कोण म्हणलं असतं की बाई हात घालून बसली आपल्या हातानं? भरपाई दिली असती का कुणी? लोकांनी डबल मारला म्हणायला लावलं, मी म्हणलं. मंग म्हणतच ऱ्हायले. तुझ्यासमोर येऊन ते कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणून न्हाई आले."

विजयश्रीने डाव्या हाताने नाक पुसलं, उजवा गुडघ्याखालीच ठेवून.

"म्या दाबलं," मावशी म्हणाल्या.

"व्हय. तूच."

"माझ्याच पायानं. म्या."

"तूच गं बाई! दुसरं कोण येतंय तिथं?"

मावशींनी आपल्या पायाकडे बघितलं. असं बघितलं, जणू कित्येक वर्षांनी कुणीतरी घरी आलंय. मग त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि त्या शिव्या द्यायला लागल्या. इतक्या शांत बाई, मैत्रीने आयुष्यात ऐकल्या नसतील अशा शिव्या. "रांडे, एवढी वर्षं! एवढी वर्षं म्या माझ्याच पायाला भ्याले गं! माझा नवरा मेला, त्याच्या मयताला म्या एका पायावर उभी होते! एक डाव येऊन सांगितलं असतंस... एक डाव..." आणि रडता रडता, ओरडता ओरडता, गुडघा खाली गेला.

मी बघत होते. वाळलेल्या मांडीत गाठ उठली, वाटी वर सरकली, आणि गुडघा सरळ विजयश्रीच्या पंजावर बसला. थोडाथोडका नाही. सगळ्या रागानिशी बसला. मला कधी एवढा भार मिळाला नव्हता, आणि मिळेल असं वाटलंही नव्हतं. विजयश्रीने डोळे मिटून घेतले, ओठ दाताखाली धरला. मैत्री पुढे आली, मी तिला हाताने थांबवलं. माझा स्वतःचा पाय कुठे आहे याचं मला त्या वेळी भान नव्हतं.

हळूहळू मावशींच्या शिव्या संपल्या. नुसता श्वास राहिला. त्यांनी वाकून विजयश्रीच्या तोंडाकडे बघितलं.

"दुखतंय का गं?"

"बोटं दुखत्यात," विजयश्री म्हणाली.

आम्ही चौघींनी गुडघ्याखाली बघितलं, जिथे बोटं नव्हती.

"कवापासनं?"

"तवापासनंच. रोज."

मावशींचा पाय आता वर जाणार, मला वाटलं. मैत्रीलाही वाटलं, तिने माझा दंड घट्ट पकडला.

"मलाबी दुखतंय," मावशी म्हणाल्या, आणि दाबतच राहिल्या.